छतातून पाणी गळतंय? डाग दिसतो तिथे गळती असेलच असं नाही. मग खरी जागा शोधायची कशी?

गणपतीला चाकरमानी गावी येतात, चार-सहा महिने बंद असलेलं घर उघडतात आणि वर बघतात तर हॉलच्या छताला पिवळा डाग. कडेने बुरशी, मध्ये फुगलेला रंग. मग ठरलेल्या गोष्टी ठरलेल्या क्रमाने होतात. कोणीतरी सांगतं, "गच्चीला केमिकल मारून घ्या." कोणी म्हणतं, "खालून पुट्टी लावा, वरून रंग द्या." पैसे जातात, रंग नवा होतो आणि पुढच्या जूनमध्ये डाग पुन्हा त्याच जागी हजर.

दुरुस्ती फसते याचं कारण बहुतेक वेळा सिमेंट किंवा केमिकल खराब होतं हे नसतं. पाणी आत कुठून येतं हे शोधायच्या आधीच दुरुस्ती झालेली असते. डाग हा पाण्याच्या प्रवासाचा शेवट आहे. सुरुवात दोन फुटांवर असू शकते, नाहीतर थेट पलीकडच्या भिंतीवर.

ही सुरुवात शोधण्याची एक पद्धत आहे. तिला महागडी यंत्रं लागत नाहीत. वही, पेन्सिल, पाण्याची नळी, थोडा खायचा रंग आणि बराचसा धीर एवढं पुरतं. ती समजून घेण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडपेक्षा चांगली जागा सापडणं अवघड.

मुरुडच का?

आधी एक गोंधळ दूर करू. हे मुरुड म्हणजे जंजिऱ्याजवळचं, रायगड जिल्ह्यातलं नव्हे. हे दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या शेजारचं, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं मुरुड. समोर अरबी समुद्र, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या.

दापोली परिसरात वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आकडा नुसता ऐकून काही कळत नाही, म्हणून सोपा हिशोब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एक हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. म्हणजे एका पावसाळ्यात त्या गच्चीवर सव्वातीन लाख लिटर पाणी पडतं. एका दिवसात १०० मिलीमीटर पाऊस झाला तर त्या एका दिवसाचंच नऊ हजार लिटर.

एवढ्या पाण्यातून दिवसाला चार लिटर जरी आत शिरलं तरी पुरे. सेकंदाला एक थेंब या वेगाने गळणारं छत दिवसाला साधारण तेवढंच पाणी खाली सोडतं. म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त पाणी नीट वाहून गेलं तरी तुमच्या हॉलमध्ये बादली ठेवावीच लागते.

त्यात समुद्राचा वारा. पाऊस नुसता वरून पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. त्यामुळे गळतीचा विचार करताना छताइतकंच भिंतींकडेही बघावं लागतं.

छपराचे दोन स्वभाव

मुरुडसारख्या गावात दोन तऱ्हेची घरं शेजारी-शेजारी दिसतात. एक कौलारू, दुसरं स्लॅबचं. दोघांचं काम एकच असलं तरी स्वभाव वेगळे.

कौलारू छप्पर पाणी फेकून देतं. ते जलरोधक नसतंच. कौलांच्या सांध्यांतून हवा खेळते, ऊन डोकावतं. उतार इतका असतो की पाण्याला आत शिरायला वेळच मिळत नाही, ते पागोळ्या होऊन अंगणात पडतं. आज आपण ज्यांना मंगलोरी कौलं म्हणतो, त्यांचा कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये सुरू केला. त्यांच्या खाचा एकमेकींत अडकतात, म्हणून ती नळीच्या कौलांपेक्षा वाऱ्यात जास्त टिकतात.

स्लॅबची गच्ची मात्र पाणी आधी अंगावर घेते आणि मग हळूहळू वाहून नेते. तिचा उतार अगदी कमी असतो, साधारण दहा फुटांना सव्वा इंच. तो थोडा चुकला, पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला, की पाणी साचलंच. सपाट छपराचं हे दुखणं फक्त आपलं नाही. ल कॉर्बुझिएसारख्या वास्तुरचनाकाराने पॅरिसजवळ पोआसी इथे बांधलेलं आणि १९३१ मध्ये पूर्ण झालेलं व्हिला सावॉय हे घर जगभरातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवलं जातं. त्या घराच्या मालकीणबाई मात्र छत गळतंय अशा तक्रारींची पत्रं त्यांना वर्षानुवर्षं लिहीत होत्या.

छपराचा स्वभाव वेगळा, तशी गळती शोधायची रीतही वेगळी. पण दोन्हीकडे एक प्रश्न समान आहे आणि तो सगळ्यात आधी विचारायचा.

आधी 'कधी', मग 'कुठे'

डाग दिसला की आपण लगेच विचारतो, "कुठून गळतंय?" त्याआधीचा प्रश्न आहे, "कधी गळतं?"

डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि बाजूला तारीख लिहा. दोन दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला का ते बघा. वाढला तर पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. फोनमध्ये रोज एक फोटो काढून ठेवा. खाली भांडं ठेवलं असेल तर किती तासांत किती पाणी जमलं तेही लिहा. वहीत चारच गोष्टींची नोंद हवी: पाऊस होता का, वारा कुठून होता, टाकी कधी भरली आणि वरच्या मजल्यावर किंवा शेजारच्या न्हाणीत पाणी कधी वापरलं.

घर बंद असेल आणि तुम्ही मुंबई-पुण्यात असाल, तर किल्ली असलेल्या शेजाऱ्यांना एवढीच विनंती करा की मोठा पाऊस झाला की एक व्हिडिओ पाठवा. त्यावर तारीख-वेळ आपोआप असते.

आठ-दहा दिवसांची नोंद झाली की चित्र स्पष्ट व्हायला लागतं.

- मे महिन्यातही तितकंच गळतं, पावसाशी काही संबंध नाही: पिण्याच्या किंवा वापराच्या पाण्याच्या पाइपावर संशय. त्यात सतत दाब असतो, म्हणून गळती सतत.
- कोणी अंघोळ केली, कपडे धुतले की तासाभरात ओल वाढते: न्हाणीची फरशी, सांडपाण्याचा पाइप किंवा नहाणी ट्रॅपचा सांधा.
- टाकी भरताना किंवा भरून वाहिल्यावरच गळतं: टाकीचा ओव्हरफ्लो पाइप, टाकीखालची जागा किंवा वर चढणारी लाइन.
- कोणत्याही जोरदार पावसात गळतं: गच्ची किंवा छप्पर.
- समुद्राकडून वारा असेल तरच गळतं, सरळ पावसात नाही: पश्चिमेची भिंत, खिडकीचा छज्जा, कठड्याची बाहेरची बाजू.
- पावसाचा पत्ता नाही, पण एसी लावला की ओल येते: एसीचा पाणी सोडणारा पाइप, किंवा थंड पाइपावर हवेतल्या बाष्पाचे जमलेले थेंब.

यात एक फसवी जागा आहे. "पाऊस थांबून तीन दिवस झाले तरी गळतंय, म्हणजे गच्ची नाही, पाइपच असणार," असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते बरोबर असेलच असं नाही. आपल्याकडे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात. कोब्याला तडा गेला की विटांचे तुकडे स्पंजसारखे पाणी धरून ठेवतात आणि ते दिवसेंदिवस खाली सोडत राहतात. म्हणून पाऊस थांबल्यानंतर गळती हळूहळू कमी होते का, हे बघायचं. कमी होत गेली तर पाणी साठलेलं होतं. तशीच राहिली तर कुठूनतरी नवीन येतंय.

पाणी आडवं चालतं

पाणी खाली येतं हे खरं, पण सरळ खाली येतं हे खरं नाही. त्याला जिथे सोपी वाट मिळेल तिथून ते जातं.

कौलारू घरात एखाद्या फुटक्या कौलातून आलेला थेंब लगेच जमिनीवर पडत नाही. तो रिपेवर बसतो, तिथून वाशावर येतो, वाशाच्या पोटाने उताराच्या दिशेने घसरतो आणि जिथे गाठ, खिळा किंवा सांधा लागतो तिथे टपकतो. त्यामुळे कौलारू घरात एक नियम पक्का लक्षात ठेवा: गळती सापडेल ती टपकतं तिथून वरच्या अंगाला, आढ्याच्या दिशेने. खाली कधीच नाही.

स्लॅबमध्ये पाणी तड्यांमधून, दोन वेळा ओतलेल्या काँक्रीटच्या सांध्यातून फिरतं. पण त्याची सगळ्यात आवडती वाट म्हणजे विजेच्या वायरींसाठी स्लॅबमध्ये टाकलेले पाइप. एका कोपऱ्यात पाइपात शिरलेलं पाणी खोलीच्या मधोमध पंख्याच्या हुकाशी बाहेर पडतं. "पंख्यातून पाणी येतंय" अशी तक्रार असेल तर पंख्याच्या बरोब्बर वरची गच्ची फोडण्यात अर्थ नाही. बहुतेकदा पाणी तिथे फक्त बाहेर पडलेलं असतं.

इथेच सगळ्यात महत्त्वाची सूचना. पाणी दिवा, पंखा किंवा बटणाच्या बोर्डाजवळ असेल तर आधी त्या भागाचा मेन स्विच बंद करा. ओल्या हाताने काही तपासू नका. तपास नंतर, आधी इलेक्ट्रिशियन. छताचा गिलावा फुगून खाली लोंबत असेल तर त्याखाली झोपायचं नाही, पाळणा तर मुळीच ठेवायचा नाही.

डागही काही सांगतो

पत्ता सांगत नसला तरी डाग पाण्याचा इतिहास सांगतो.

एकात एक पिवळसर वर्तुळं दिसली तर तिथे पुन्हा पुन्हा ओल येऊन वाळली आहे. पांढरी भुकटी म्हणजे लोणा: पाण्याने भिंतीतले क्षार बाहेर आणले आणि स्वतः उडून गेलं. स्लॅबच्या खालून चुन्याचे बारीक सुळके लोंबत असतील तर पाणी काँक्रीटच्या पोटातून बराच काळ झिरपत आलेलं आहे.

तांबूस-तपकिरी रेघ दिसली तर मात्र गांभीर्याने घ्या. आतली सळई गंजायला लागल्याची ती खूण असू शकते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, काँक्रीटला आतून ढकलतो, मग तडा जातो, तड्यातून आणखी पाणी जातं आणि शेवटी काँक्रीटचा पापुद्रा सुटून खाली पडतो. समुद्रकिनाऱ्यावर हवेतल्या क्षारांमुळे हे चक्र लवकर सुरू होतं. बांधकामात खाडीची रेती न धुता वापरली असेल तर आणखी लवकर.

लाकडी काठीच्या टोकाने गिलाव्यावर हलकेच ठोकून बघा. घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. हे करताना थेट त्याखाली उभं राहू नका. सळई उघडी दिसत असेल तर घरगुती तपास तिथेच थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

कौलारू घर: माळ्यावर चढा

कौलारू घराचा तपास सोपा असतो, कारण छपराचं पोट उघडं दिसतं.

भर दुपारी माळ्यावर जा, दिवे बंद करा आणि वर बघा. सरकलेलं किंवा फुटलेलं कौल लख्ख कवडसा टाकतं. पाऊस सुरू असताना पुन्हा जा, टॉर्च मारा आणि वाशावरची ओली रेघ शोधा. ती जिथे सुरू होते तिथे खडूने खूण करा. पाऊस उघडल्यावर त्याच खुणेवरचं कौल बघायचं.

दोषी ठरणाऱ्या जागा ठरलेल्या असतात. वानरांच्या उड्यांनी फुटलेली कौलं, वरून नारळ पडलेली जागा, आढ्यावरच्या कोन्यांचा सुटलेला चुना-सिमेंट आणि दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ. पन्हळीत झावळ्यांचा आणि पानांचा कचरा अडकला की पाणी तुंबतं आणि कौलाखालून उलटं आत येतं. कौल शाबूत, तरी गळती. पत्र्याच्या छपराला खिळा किंवा बोल्ट असेल तिथलं वॉशर आधी बघा. उन्हाने ते कडक होऊन चिरतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्याला धडकलं, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या घरांची छपरं मोठ्या प्रमाणावर उडाली. अशा वादळात उडालेलं कौल दिसतं, पण जागेवरून अर्धा इंच उचललं जाऊन पुन्हा बसलेलं कौल दिसत नाही. त्याची खाच सुटलेली असते. सरळ पावसात ते गप्प राहतं, वाऱ्याच्या पावसात गळतं. म्हणून जुन्या लोकांची मे महिन्यात घर शाकारायची शिस्त आजही तितकीच कामाची आहे. शाकारणी म्हणजे दर वर्षी ठरवून केलेला गळतीचा तपासच.

स्लॅबचं घर: एका वेळी एकच चाचणी

स्लॅबचं पोट बंद असतं, म्हणून इथे संशयितांना एकेक करून सोडून द्यावं लागतं. क्रम सोप्याकडून अवघडाकडे.

पाइपाची चाचणी. नळाला मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहा, सकाळी पुन्हा बघा. कोणी पाणी वापरलं नाही आणि आकडा पुढे गेला तर पाइप गळतोय. विहिरीवर पंप आणि गच्चीत टाकी असेल तर मीटर नसतो. मग टाकी भरून पातळीवर खूण करा, पंप बंद ठेवा आणि सकाळी बघा. हजार लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे साधारण नऊ-दहा लिटर पाणी गेलं. आता टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून पुढच्या रात्री तीच चाचणी करा. तरीही पातळी उतरली तर टाकी किंवा व्हॉल्व्हपर्यंतचा तुकडा गळतोय. उतरायची थांबली तर दोष पुढच्या लाइनमध्ये.

न्हाणीची चाचणी. नहाणी ट्रॅप हा शब्द देशभरातल्या प्लंबरांच्या तोंडी आहे आणि तो आपल्या न्हाणीवरूनच आलाय. आधी नुसतं बादलीभर पाणी थेट ट्रॅपमध्ये ओता, फरशी कोरडी ठेवा. असं दहा-बारा बादल्या. खाली ओल वाढली तर सांडपाण्याचा पाइप. नाही वाढली तर ट्रॅपला बूच लावा, फरशीवर इंचभर पाणी २४ तास राहू द्या. आता ओल आली तर फरशीचे सांधे किंवा खालचं वॉटरप्रूफिंग. त्यातही काही नाही निघालं तर शॉवर फक्त भिंतीच्या टाइलवर मारून बघा.

रंगाची चाचणी. फ्लशच्या टाकीत एक रंग, बेसिनमध्ये दुसरा. खाली रंग उतरला तर पुरावा पक्का. पण रंग उतरला नाही म्हणून ती जागा निर्दोष ठरत नाही. काँक्रीट आणि कोबा रंग गाळून घेऊ शकतात.

गच्चीची चाचणी. पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर इंच-दोन इंच पाणी एक ते तीन दिवस साठवतात. इंचभर पाण्याचं वजनही दर चौरस मीटरला २५ किलो होतं. म्हणून सळई गंजलेल्या, खाली वाकलेल्या किंवा फार जुन्या स्लॅबवर हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय करायचं नाही. गच्ची मोठी असेल तर मातीचे किंवा सिमेंटचे छोटे बांध घालून एकेक भाग तपासावा.

भर पावसाळ्यात ही चाचणी शक्य नसते. तेव्हा ताडपत्री कामाला येते. गच्चीचा एकच भाग ताडपत्रीने झाका, कडा वजनाने दाबा, वरच्या बाजूचं पाणी खाली शिरणार नाही असं बघा. दोन-तीन पावसांत गळती कमी झाली तर चोर त्या भागात. नाही झाली तर ताडपत्री सरकवा.

भिंतीची चाचणी. पाण्याची नळी घ्या आणि खालून सुरुवात करा. आधी भिंतीचा खालचा भाग, मग खिडकीची चौकट, मग छज्जा, मग कठडा. प्रत्येक जागी किमान १५-२० मिनिटं, आत एक माणूस बघायला. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या भिंतीवरून ओघळतं आणि कुठून आत गेलं ते कधीच कळत नाही.

आणि कधी कधी पाणी बाहेरून आलेलंच नसतं. कोरड्या डागावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक-दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर हवेतलं बाष्प. छताकडच्या बाजूला जमले तर ओल आतून येतेय.

एक उदाहरण

समजा, मुरुडमध्ये समुद्राकडे तोंड करून असलेलं स्लॅबचं एकमजली घर आहे. हॉलच्या मधोमध, पंख्यापाशी ओल. सगळ्यांचं मत एकच: गच्ची गेली, पूर्ण वॉटरप्रूफिंग करा.

वही काय सांगते? रात्री दोन तास मुसळधार, पण वारा नाही: गळती नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस कमी, पण समुद्राकडून जोराचा वारा: पाऊण तासात थेंब सुरू. टाकी भरली: काही फरक नाही. न्हाणी घराच्या दुसऱ्या टोकाला, तिचा संबंध नाही.

गच्चीच दोषी असती तर मुसळधार पावसात आधी गळाली असती. म्हणजे संशय पश्चिमेच्या बाजूवर. पाऊस संपल्यावर नळी लावली. भिंतीचा खालचा भाग: काही नाही. छज्जा: काही नाही. कठड्याची बाहेरची बाजू: २५ मिनिटांनी पंख्यापाशी थेंब. कठडा आणि स्लॅब मिळतात तिथे बाहेरून आडवा तडा होता. त्यातून शिरलेलं पाणी वायरच्या पाइपातून हॉलच्या मध्यावर येत होतं.

दुरुस्ती काय? तडा मोकळा करून भरणं, कठड्याच्या बाहेरून गिलावा नीट करणं, माथ्याला उतार देणं. अख्ख्या गच्चीवर नवा थर दिला असता तरी हे घर पुढच्या पावसाळ्यात तसंच गळलं असतं.

खालून लेप का टिकत नाही?

छताला खालून पुट्टी, रंग किंवा जलरोधक लेप लावला की डाग झाकला जातो. पण पाणी वरून यायचं थांबलेलं नसतं. ते लेपाच्या मागे, स्लॅबच्या आतच कोंडतं. सळया जास्त काळ ओल्या राहतात आणि काही दिवसांनी लेप फुगतो किंवा पाणी दुसरीकडून वाट काढतं. मग वाटतं, नवीन गळती झाली. गळती तीच असते, दार बदललेलं असतं. पाणी जिकडून येतं त्याच बाजूने अडवायचं, हा साधा नियम. खालचा रंग सगळ्यात शेवटी, स्लॅब पूर्ण वाळल्यावर.

थर्मल कॅमेरा घेऊन येणाऱ्यांबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. तो कॅमेरा पाणी बघत नाही, तापमानातला फरक बघतो. ओली जागा थंड दिसते, पण थंड दिसणारी प्रत्येक जागा ओली नसते. उपयोग आहे, पण चाचण्यांसोबत.

खर्च कोणाचा?

स्वतःच्या बंगल्यात हा प्रश्न येत नाही. फ्लॅटमध्ये मात्र गळतीपेक्षा भांडण मोठं होतं आणि उगम शोधण्याला इथे पैशांइतकंच शेजाराचंही मोल आहे.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामायिक पाइपांची आणि ड्रेनेज लाइनची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून सगळ्यात वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला, तर तोही संस्थेच्या खर्चातून. फ्लॅटच्या आतल्या न्हाणी, संडास, सिंकमधली गळती त्या सभासदाची.

इमारत नवीन असेल तर रेरा कायदा, २०१६ आठवा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष विकासकाच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी करा, तारीख टाका, पोच घ्या.

आणि वरच्या मजल्यावर जाताना "तुमच्यामुळे आमचं छत गळतंय" असं म्हणत जाऊ नका. तुमची वही घेऊन जा. "काका, मागच्या आठवड्यात पाऊस नव्हता तेव्हाही रोज सकाळी साडेआठनंतर ओल वाढत होती. रविवारी तुमच्या न्हाणीत बादलीभर रंगीत पाणी ओतून बघूया का?" आरोपाला उत्तर म्हणून आरोपच येतो. चाचणीला मात्र सहसा कोणी नाही म्हणत नाही, कारण तिच्यातून सुटकाही होऊ शकते.

वर्षाचं वेळापत्रक

पावसाळ्यात घाईने केलेलं पक्कं काम टिकत नाही, कारण ओल्या काँक्रीटवर बहुतेक थर नीट धरत नाहीत. म्हणून कामाची विभागणी करा.

जून ते सप्टेंबर: फक्त नोंद, ताडपत्री आणि तात्पुरता बंदोबस्त. ऑक्टोबरमध्ये स्लॅब वाळू द्या. नोव्हेंबरनंतर चाचण्या, मग दुरुस्ती. दुरुस्ती झाली की ज्या चाचणीत गळती सापडली होती, तीच चाचणी पुन्हा करा आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. मे महिन्यात पन्हळी, पावसाळी पाइपांच्या जाळ्या आणि टाकीचा ओव्हरफ्लो साफ करा, कौलारू घर असेल तर शाकारून घ्या.

आत्ता तुमच्या छताला डाग असेल, तर आजचं काम दोन मिनिटांचं आहे. वीज तपासा, पेन्सिल घ्या, डागाभोवती रेघ ओढा आणि तारीख लिहा. कंत्राटदाराला फोन त्या रेघेने काहीतरी सांगितल्यावर करा.